रजोनिवृत्तीनंतरची तीस वर्षे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महिला मेळाव्यापुढे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी व्याख्यानाच्या विषयाची विचारणा केली, तेव्हा आम्ही 'रजोनिवृत्ती' असे एका शब्दात कळविले. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. कार्यक्रमपत्रिका घरोघर जाते, मुलेबाळे ती वाचतात, तेव्हा विषय 'स्त्रियांचे आरोग्य' एवढाच छापला तर चालेल काय, अशी पृच्छा त्यांनी मोठ्या विनयाने केली. आम्ही होकार दिला. त्यांस आम्ही दोष देत नाही. संकोच त्यांचा एकट्याचा नाही, तो आपणां सर्वांचा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ पर्यंत नेटाने चालविले. ज्या महाराष्ट्रात ते मासिक निघाले, तेथे आजही प्रत्येक घरातील प्रत्येक स्त्रीच्या वाट्यास निश्चित यावयाच्या गोष्टीचे नाव छापावयास आपण कचरतो. या लाजेची किंमत कोण भरते आणि ती कशी भरते, हेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम एक कबुली देतो. आम्ही गेली तीस वर्षे वैद्यकीचा व्यवसाय करीत आहो, आणि या तीस वर्षांत आम्ही अनेक वेळा असे एक वाक्य उच्चारले आहे की त्याची आज आम्हांस खंत वाटते. ते वाक्य म्हणजे, "वयोमानाप्रमाणे चालायचेच." पन्नाशीची बाई पाठ दुखते म्हणून आली, चालायचेच. दम लागतो म्हणाली, चालायचेच. हे वाक्य ऐकून ती बाई समाधानाने घरी जाते, कारण घरीही तिला हेच सांगतात. आमच्या थोरल्या जाऊबाईंनाही आम्ही हेच सांगितले होते. त्यांची हकीकत ओघाने येईलच.

आता मूळ विषयाकडे वळू. रजोनिवृत्ती हा काही रोग नव्हे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ऋतुस्रावाचा आरंभ बाराव्या वर्षी व क्षय पन्नाशीच्या सुमारास होतो असे नमूद आहे. म्हणजे ही गोष्ट आपल्या पूर्वजांस उत्तम प्रकारे ज्ञात होती. बीजांडकोशातील बीजे संपुष्टात आली की इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक पाझरणे जवळजवळ थांबते व पाळी बंद होते. सतत बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे आम्ही म्हणतो; तोपर्यंत गर्भ राहण्याचा संभव असतो, हेही ध्यानात ठेवावे. पाश्चात्त्य देशांत हे सरासरीने एक्कावनाव्या वर्षी घडते, तर आपल्या देशात शेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षीच. चाळिशीच्या आत पाळी गेली तर ती अकाली समजावी. तंबाखूच्या धुराने पाळी एकदोन वर्षे आधी जाते असे सिद्ध झाले आहे. आणि मिसरी लावणाऱ्या आमच्या भगिनींनी तंबाखू कोणत्याही वाटेने शरीरात गेली तरी ती तंबाखूच, हे विसरू नये.

अंगातून वाफा निघणे, रात्री घामाने जागे होणे, चिडचीड, निद्रानाश, ही लक्षणे सर्वांस ठाऊक आहेत. ती वर्षा-दोन वर्षांत ओसरतात असा समज होता. परंतु अमेरिकेत १९९० च्या दशकात तीन हजारांहून अधिक स्त्रियांना घेऊन 'स्वान' नावाचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्यात या वाफांचा काळ मध्यम मानाने सात वर्षांहून अधिक निघाला. तथापि आमचा आजचा रोख या लक्षणांवर नाही. ती त्रासदायक असली तरी बोलकी असतात. बाई त्यांविषयी निदान बहिणीजवळ तरी बोलते. खरी चिंता आहे ती अबोल बदलांची. ते वीस-वीस वर्षे गाजावाजा न करता चालू राहतात आणि एके दिवशी घरावर कोसळतात.

हा प्रश्न आपल्या आज्यांच्या काळी एवढा मोठा का नव्हता, असे कोणी विचारील. १९४१ ते १९५१ या दशकात भारतातील स्त्रीचे सरासरी आयुर्मान अवघे बत्तीस वर्षांच्या आसपास होते. अर्थात् त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता, आणि ऐंशी वर्षांच्या आज्या तेव्हाही होत्या. परंतु त्या थोड्या होत्या. आज हे आयुर्मान सत्तरीच्या पलीकडे गेले आहे. म्हणजेच पाळी गेल्यानंतर पंचवीस-तीस वर्षे जगणे हा आता नियम झाला आहे. आयुष्याचा हा एक तृतीयांश भाग कसा जावयाचा, याचा पुष्कळसा निर्णय पंचेचाळीस ते पंचावन्न या दहा वर्षांत होतो.

सर्वप्रथम हाडांविषयी. हाड म्हणजे निर्जीव लाकूड नव्हे. त्यात जुने खणून काढणाऱ्या पेशी आणि नवे भरणाऱ्या पेशी अशा दोन टोळ्यांचे काम जन्मभर चालू असते. इस्ट्रोजेन हा खणणाऱ्यांवरचा मुकादम होय. मुकादम गेला की खणणे वाढते आणि भरणे मागे पडते. रजोनिवृत्तीने हाडे ठिसूळ होतात हे फुलर ऑल्ब्राइट या अमेरिकन वैद्याने १९४१ सालीच दाखवून दिले होते. वर सांगितलेल्या 'स्वान' अभ्यासात असे आढळले की शेवटच्या पाळीच्या एक वर्ष आधीपासून तिच्यानंतर दोन वर्षांपर्यंत ही झीज सर्वांत वेगाने होते; कण्याच्या हाडाची घनता या काळात दर वर्षी दोन टक्क्यांच्या आसपास घटते. पुढे वेग मंदावतो, पण झीज थांबत नाही. आणि या साऱ्या काळात बाईला काहीही दुखत नाही! झिजलेले हाड मोडेपर्यंत बोलत नाही.

आता आमच्या जाऊबाईंची हकीकत. त्यांचे नाव घेत नाही. परंतु या सभेतील पुष्कळांनी त्यांच्या हातची पुरणपोळी खाल्ली आहे. एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांस रक्तस्राव अधिक होऊ लागला. एका खाजगी रुग्णालयात गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला, आणि 'उगाच पुढे कटकट नको' म्हणून दोन्ही बीजांडकोशही त्याच वेळी काढले गेले. घरच्यांस वाटले, एक जाच संपला. वस्तुतः ज्या गोष्टीस निसर्ग आणखी सात-आठ वर्षे घेता, ती एका सकाळी घडली होती. त्याचे परिणाम काय होतील, हे त्यांस कोणी सांगितले नाही. आम्ही तेव्हा नव्याने व्यवसायात पडलो होतो. आम्हीही सांगितले नाही.

पंचावन्नाव्या वर्षी त्यांची पाठ दुखू लागली. पुढे त्या किंचित वाकल्या. फळीवरचा डबा पूर्वी सहज काढीत, तो आता हातास लागेना. "वन्सं, फळी वर गेली की मी खाली आले?" असे त्या आमच्या नणंदेस हसून म्हणाल्या. आम्हीही हसलो, आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून देऊन तेच वाक्य बोललो. कण्याचे मणके आतल्या आत चेपत होते, आणि एक वैद्य शेजारी बसून हसत होता. एकसष्टाव्या वर्षी पहाटे मोरीत पाय घसरला. पडणे किरकोळ होते. एखादी तरुण मुलगी उठून साडी झटकून चालू लागली असती. त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली, तथापि त्या पुन्हा अंगणापर्यंत चालल्या नाहीत. अंथरुणात असताना छातीत कफ भरून आठव्या महिन्यात त्या गेल्या. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी पाचांतील एकजण तरी वर्षाच्या आत दगावतो, असा अनेक देशांतील अनुभव आहे. हे पुस्तकात आम्ही वाचले होते. घरात पाहिले, तेव्हा समजले.

बीजांडकोश काढण्याची ही गोष्ट केवळ आमच्या घरची नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची हकीकत सर्वांनी वृत्तपत्रांत वाचली असेल. शासनाने समिती नेमली, तेव्हा पाहणीत आलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढली असल्याचे दिसून आले. त्या बिचाऱ्यांची मजुरी बुडत होती. आमच्या घरी तर तीही अडचण नव्हती, अडचण होती ती अज्ञानाची. गर्भाशय काढणे काही वेळा अवश्यच असते, याबद्दल वाद नाही. परंतु तो सल्ला मिळाल्यास दुसऱ्या एका तज्ज्ञाचे मत घ्यावे. औषधाने भागेल काय, हे विचारावे. आणि विशेषेकरून बीजांडकोश राखता येतील काय, हा प्रश्न तोंड उघडून विचारावा. ते राखले तरी रजोनिवृत्ती काहीशी लवकर येते, हेही ठाऊक असावे.

दुसरी गोष्ट हृदयाची. हृदयविकार हा पुरुषांचा रोग, असे आपण धरून चालतो. चाळिशीपर्यंत ते बरेचसे खरेही आहे. परंतु अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या पाहणीतून १९७६ साली असे प्रसिद्ध झाले की समान वयाच्या स्त्रियांतही जिची पाळी गेली आहे तिला हृदयविकाराचा धोका अधिक असतो. शेवटच्या पाळीच्या सुमारास रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल एकदम चढते, चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, रक्तदाब वाढू लागतो. आणि आपल्या समाजात घरोघर वसलेला मधुमेह त्यात भर घालतो. त्यातून स्त्रीचा हृदयविकार पुष्कळदा निराळे रूप घेऊन येतो. छातीत कळ येण्याऐवजी दम लागणे, मळमळणे, जबडा किंवा पाठ भरून येणे, विलक्षण थकवा येणे, एवढेच घडते. पुरुषाच्या छातीत दुखले की अर्ध्या तासात मोटार दारी येते. बाईच्या पोटात मळमळले की तिला ओवा आणि सोडा मिळतो. हा भेद आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे.

तिसरी गोष्ट सांगावयास अवघड, म्हणून स्पष्ट सांगतो. पाळी बंद होऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तो 'पाळी परत आली' असे समजून स्वस्थ बसू नये. असे डाग दिसलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे नऊ-दहा जणींस गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो; उरलेल्या नव्वदांस साधे कारण असते. परंतु आपण त्या नव्वदांत की दहांत, हे तपासल्यावाचून कळत नाही. हा कर्करोग झालेल्या बहुतेक स्त्रियांत पहिली सूचना हाच डाग असतो, आणि त्या वेळी उपचार केल्यास बहुतेकींस बरे वाटते. निसर्ग एवढी उघड घंटा क्वचितच वाजवितो; ती लाजेपोटी दाबू नये. तसेच लघवीची जळजळ वारंवार होणे, खोकताना लघवी सुटणे, अंतर्भाग कोरडा पडून दुखणे, हीही इस्ट्रोजेनच्या अभावाची फळे होत. पुष्कळ बाया या त्रासापायी प्रवास आणि लग्नकार्यास जाणे सोडतात, पण कारण सांगत नाहीत. यांवर सोपे स्थानिक उपचार उपलब्ध आहेत.

स्तनांच्या कर्करोगाविषयी आपल्याच मुंबईतून एक आशेची वार्ता आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यावस्त्यांत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर दीर्घ प्रयोग केला. यंत्र नव्हे, तर शिकविलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करावयाची, एवढाच तो उपक्रम. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व वयांच्या स्त्रिया एकत्र धरता मृत्यूंतील घट निर्णायक ठरली नाही. परंतु पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी घटले. म्हणजे ज्या वयात 'आता काय तपासायचे' असे आपण म्हणतो, त्याच वयात तपासणीचा लाभ सर्वाधिक झाला!

आता आपण विचाराल की संप्रेरक गेले म्हणून हे सारे घडते, तर ते बाहेरून का देऊ नये? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचा इतिहास बोधप्रद आहे. १९४२ पासून अमेरिकेत गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेले इस्ट्रोजेन विकले जाऊ लागले. पुढे १९६० च्या दशकात ते चिरतारुण्याचे रसायन म्हणून गाजले. १९७५ साली ध्यानात आले की केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. म्हणून गर्भाशय असलेल्या स्त्रीस त्याच्या जोडीला दुसरे संप्रेरक देणे सुरू झाले. २००२ साली एका प्रचंड अमेरिकन प्रयोगाचा हा जोड-औषधाचा भाग मध्येच थांबविण्यात आला. त्यात सोळा हजारांवर स्त्रिया होत्या. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनांचा कर्करोग आठ जणींस, पक्षाघात आठ जणींस आणि हृदयविकार सात जणींस अधिक झाला. उलट खुब्याचे अस्थिभंग पाचांनी कमी झाले. जगभर स्त्रियांनी भीतीने औषध टाकून दिले.

परंतु त्या प्रयोगातील स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते, हे पुष्कळांनी लक्षात घेतले नाही. नंतरच्या विचारमंथनातून आज तज्ज्ञांचे मत असे स्थिरावले आहे की साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, ज्या स्त्रीस लक्षणांचा त्रास विशेष आहे आणि जिला कर्करोग, रक्ताच्या गाठी, यकृताचा विकार असा अडसर नाही, तिला हे औषध बहुधा हानीपेक्षा लाभच अधिक देते. ज्यांची पाळी अकाली गेली किंवा शस्त्रक्रियेने घालविली, त्यांना तर स्वाभाविक वयापर्यंत ते देणे सामान्यतः इष्ट मानतात. जाऊबाईंस ते मिळावयास हवे होते. अर्थात् शेजारणीस गुण आला म्हणून कोणी परस्पर औषध घेऊ नये. ज्याने तपासले आहे त्यानेच ते द्यावे.

मग घरी काय करावे? महागड्या गोष्टी आम्ही सांगत नाही. घराच्या भिंतीवर आपण मुलांच्या उंचीच्या खुणा करतो. त्याच भिंतीवर दर वर्षी आईची खूण करावी. तरुणपणच्या उंचीत चार सेंटिमीटरहून अधिक घट झाली, तर कण्याची तपासणी करून घ्यावी. पंचेचाळिशी उलटली की वर्षातून एकदा रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन आणि स्तनांची तपासणी व्हावी. हाडांची घनता मोजणारी 'डेक्सा' तपासणी पासष्टीनंतर सर्वजणींनी करावी. पाळी लवकर गेली असल्यास किंवा एखादे हाड सहज मोडले असल्यास त्यापूर्वीच करावी. हाडे विरळ झाली आहेत असे वेळीच कळले, तर त्यांवर परिणामकारक औषधे आहेत.

आहाराचे म्हणावे तर रजोनिवृत्तीनंतर रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम असावे, अशी राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० सालची शिफारस आहे. पेलाभर दुधातून त्यातील एक पंचमांशच मिळते. परंतु शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असते, आणि तिळात तर त्याहून पुष्कळ अधिक. दही, ताक, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, डाळी, आणि मासे खाणाऱ्यांनी काट्यांसकट खाता येणारे बारीक मासे. हे सर्व आपल्याच स्वयंपाकघरातले आहे. उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा घ्यावा. पण मुख्य म्हणजे सर्वांची जेवणे आटोपल्यावर पातेल्याच्या तळाशी उरेल त्यावर भागविण्याची चाल मोडावी. दूध मुलांना आणि चहा आईला, ही वाटणी हाडांस मानवत नाही. रोज थोडे ऊन अंगावर घ्यावे, अर्धा तास झपझप चालावे, जिने चढावे, थोडे वजन उचलावे. घरकामाची धावपळ या व्यायामाची जागा घेत नाही. मोरीतील शेवाळ घासून काढावे, तेथे धरावयास एक दांडी बसवावी, रात्री दिवा ठेवावा. ही दांडी दोनचारशे रुपयांत बसते. आमच्या घरी ती जाऊबाई गेल्यानंतर बसली.

मागच्या रांगेतील ज्ञातिबंधूंना दोन शब्द. पत्नी एकाएकी चिडते, रात्री पंखा वाढविते, अकारण डोळ्यांत पाणी आणते, तेव्हा तो तिचा स्वभाव फिरला असे समजू नका. आपल्या मधुमेहाच्या तपासणीस जाताना तिलाही बरोबर न्या; आणि बाकावर बसवून न ठेवता आत न्या. सुनांनी सासूबाईंस आणि लेकींनी आईस एकदा तरी विचारावे, "तुमची पाळी कधी गेली?" घराण्यातील हे वय बहुधा मुलीच्याही उपयोगी पडते. आम्हांस तर स्वतःच्या आईचे ते वय ठाऊक नाही, आणि आता विचारावयास ती नाही.

अखेरीस मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. आपले मंडळ विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देते, गुणवंतांचे सत्कार करते. ते स्तुत्यच आहे. त्याच जोडीला पुढील वर्षापासून स्नेहसंमेलनाच्या दिवशी सकाळी पंचेचाळिशीपुढील भगिनींसाठी एक तपासणी-वर्ग ठेवावा. रक्तदाबाचे यंत्र, उंचीची पट्टी आणि एक आडोशाची खोली, एवढ्यावर त्याचा प्रारंभ होईल. व्यवसायातील आम्ही ज्ञातिजन तेथे विनामूल्य बसू. आणि चिटणिसांस आमची विनंती आहे की त्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेत 'रजोनिवृत्ती' हा शब्द स्पष्ट छापावा. मुलेबाळे वाचतील, हे खरे. त्यांनी वाचावा, म्हणूनच तो छापावयाचा.

आणि यापुढे आमच्याकडे कोणी पाठ दुखते म्हणून आली, तर आम्ही प्रथम तिची उंची मोजू.